तोफबाईंचे मार खाल्लेले थोर पुरुष

"माणूस मोठा कसा झाला ते मागाहून. आधी सांगा, ह्याला मारलं कोणी?"

मानसशास्त्रातल्या कुठल्याही थोर माणसाचं चरित्र तोफबाई ह्याच प्रश्नानं उघडायच्या. जन्मगाव, पदव्या, ग्रंथ हे सगळं पुस्तकात असायचं आणि बाई ते पुस्तकातच राहू द्यायच्या. त्यांना हवा असायचा पहिला तडाखा. तो कोणी हाणला, कशानं हाणला आणि तेव्हा बघत कोण कोण उभं होतं. एवढं हाती लागलं की खडू टेबलावर आपटून म्हणायच्या, "हं, आता ह्याचा सिद्धांत वाचा. हाड मोडल्याचा आवाज येतो की नाही बघा."

थोरांची नावं त्या वर्गात घेत नसत. "नावं पेपरात लिहायला पाठ करा. इथे मला माणसं पाहिजेत." त्यामुळे ज्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या कोचावर आडवं होऊन निम्म्या युरोपनं आपली गुपितं ओकली, ते आमच्या वर्गात नुसते 'टोपीवाल्याचा मुलगा' होते. का, तर त्यांच्या वडिलांची नवी केसाळ टोपी कुणा गुंडानं भर रस्त्यात चिखलात उडवली होती आणि त्यांना फुटपाथवरून खाली उतरायला लावलं होतं. वडील मुकाट्यानं उतरले, टोपी उचलली आणि चालू लागले. ही हकीकत त्यांनी स्वतःच मुलाला सांगितली. बाई म्हणायच्या, "तडाखा बापाच्या डोक्याला, वळ पोराच्या गालावर. तो वळ घेऊन हा पोरगा जन्मभर जगातल्या सगळ्या बापांच्या मागे लागला."

देवळाली कॅम्पातल्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानावर बाईंची खोली होती. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्या तिथे बाहेरून बी.ए. करणाऱ्या बायकांची शिकवणी घ्यायच्या, शनिवारी दुपारी. बाई उंच, काटकुळ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, लग्न न केलेल्या. लांबवर लष्कराच्या सरावाच्या तोफा धडधडायच्या, खिडकीच्या काचा थरथरायच्या, खालच्या शिंप्याच्या मशीनची सुई चुकायची. पण बाईंचं वाक्य कधी मध्येच थांबलं नाही. उलट तोफांनाच वाटत असावं की आपण मध्ये बोललो. तोफबाई हे नाव त्यातून पडलं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. तोफांबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं, "त्यांचा नेम चुकला तर डोंगराला लागतो. आपला चुकला तर पोराला."

मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं, कारण त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे एकोणसाठ वर्षांची. सुनेच्या डोक्यात काय चालतं ते मला शास्त्रोक्त जाणून घ्यायचं होतं, म्हणून मी मानसशास्त्र घेऊन बी.ए.ला बसायचं ठरवलं. आमचे हे म्हणाले, "इतकी वर्षं अंदाजानं छळत होतीस. आता अभ्यास करून छळणार म्हण की." मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून नवी पर्स घेतली, चष्म्याला सोनेरी साखळी लावली आणि नाशिकहून बसनं कॅम्पात जाऊन थेट पहिल्या बाकावर बसले. बाकी सगळ्या माझ्या सुनेच्या वयाच्या. तीन-चार फौजींच्या बायका, एक नर्स, बेकरीवाल्यांची सून, आणि शेवटच्या बाकावर पदर कानामागे घट्ट खोचून बसलेली सायखेड्याकडची मंदा. ओळख करून देताना मी म्हणाले, "मी तशी मुळातच मनकवडी आहे."

"असं?" बाई म्हणाल्या. "मग आत्ता माझ्या मनात काय आहे?"

"काय?"

"तुम्ही मागच्या बाकावर बसावं."

अशी मी मंदाशेजारी गेले.

पहिल्याच दिवशी बाईंनी प्रत्येकीला फळ्यावर 'बाण' काढायला लावले. मध्ये एक गोल, त्यात आपलं नाव. आपल्याला ज्यांनी मारलं त्यांचे बाण आत येणारे, आपण ज्यांना मारलं त्यांचे बाण बाहेर जाणारे. लगेच पुसून टाकायचं. वर्गाची ही दीक्षाच होती म्हणा ना. माझी पाळी आली तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "आमच्या घरी मारण्याची पद्धत नव्हती. आमचे अण्णा हेडमास्तर होते."

अख्खा वर्ग हसला. मला कळेना ह्यात हसण्यासारखं काय आहे. बाईंनी खडू द्यायला हात वर केला. माझा पंजा आपोआप कानावर गेला.

"हात कानावर का गेला?"

"खाजलं."

"रशियातल्या कुत्रेवाल्याची कुत्री नुसता इशारा झाला की लाळ गाळायची, समोर अन्न नसलं तरी. तुम्ही खडू बघून कान झाकता. शाळा सुटून किती वर्षं झाली? काढा बाण!"

काढले. अण्णांची लाकडी फूटपट्टी, उभी धरून बोटांच्या पेरांवर मारलेली. सुसंस्कृत घर होतं, त्यामुळे आडवी मारत नसत. बाहेर जाणारे बाण काढायला लागले तर फळा पुरेना. धाकटा भाऊ, दोन्ही मुलगे, दोघांना लाटण्यानं. एकदा आमचे हे, झोपेत. म्हणजे झोपेत ते होते. मी चांगली जागी होते.

बाईंच्या थोरांमध्ये एक 'उंदीरवाला' होता. अमेरिकेतला. ह्या गृहस्थानं वर्षाचंही नसलेलं एक बाळ घेतलं, त्याच्यासमोर पांढरा उंदीर सोडला, आणि बाळानं उंदराला हात लावला की त्याच्या डोक्यामागे लोखंडी दांड्यावर हातोडा हाणला. असं करत करत ते बाळ उंदीर दिसला की किंचाळायला लागलं. मग ससा दिसला तरी. मग नुसती लोकर दिसली तरी. बाईंनी ह्याला कधी माफ केलं नाही. "दारुडा बाप ह्याला लहानपणीच टाकून गेला. मग ह्यानं दुसऱ्याच्या पोराला मारलं, आणि हात न लावता मारलं. ह्याला शास्त्र म्हणतात." प्रयोग नीट कळावा म्हणून त्यांनी माझ्या हातात लाडू दिला, आणि मी तोंड उघडलं की माझ्या मागे स्टीलची परात बडवायच्या. मी हुशारी दाखवायला म्हणून हौसेनं बसले. पुढे दिवाळीत मी लाडवाचा डबा उघडताना खांदे वर ओढून घेत होते. आमचे हे म्हणाले, "शुगरवर हा इलाज डॉक्टरांनासुद्धा सुचला नसता."

पण एका माणसाची गोष्ट सांगताना त्या परात वाजवत नसत. तो 'मांजरवाला'. माणसाच्या गरजांची शिडी रचणारा. हा लहानपणी रस्त्यावरून मांजराची दोन पिल्लं उचलून घरी घेऊन आला. आईनं ती त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्या डोळ्यांसमोर त्यांची डोकी भिंतीवर आपटून फोडली. पुढे हा एवढा मोठा झाला, पण आईच्या अंत्यविधीला गेला नाही. बाई फळ्यावर शिडी काढायच्या. "सगळ्यात खाली अन्नपाणी. त्याच्यावर काय? सुरक्षितता. ती पायरी ह्यानं कुठून आणली? ग्रंथालयातून? त्या भिंतीवरून आणली." मंदा कानामागचा पदर आणखी घट्ट खोचायची.

बाई स्वतः काही गरीब गाय नव्हत्या. डस्टर फेकायच्या. भर बाजारात कुत्र्याला लाथ मारणाऱ्या एका दुकानदाराच्या पाठीत त्यांनी छत्री हाणली होती, ती वाकडी छत्री मी पाहिली आहे. "मारायला अक्कल लागत नाही, म्हणून तर सगळ्यांना येतं," असं त्या ओरडून सांगायच्या, आणि सांगताना टेबलावर अशी मूठ आपटायच्या की शाईची बाटली उडावी. मारू नये हे त्या ज्या आवेशानं सांगत, त्या आवेशाला भिऊनच पुष्कळ जणांचं मारणं थांबलं असेल.

मग आला 'झटकेवाला'. ह्याच्या घरी लहानपणी छळछावणीतून वाचलेले नातेवाईक आले होते, हातावर नंबर गोंदलेले. साध्या, घरंदाज माणसांनी इतक्या माणसांना कसं मारलं असेल, हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. मोठेपणी त्यानं लोकांना एका यंत्रासमोर बसवलं. पलीकडच्या खोलीतला माणूस चुकला की बटण दाबून त्याला विजेचा झटका द्यायचा, दर चुकीला आणखी मोठा. झटका खोटा होता, किंकाळ्या खोट्या होत्या, पण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. शेजारी उभा असलेला साहेब शांतपणे सांगायचा, चालू ठेवा.

आमच्याकडे यंत्र म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं आणि दाराची जुनी बेल. पडद्यामागे किंचाळायला बाईंनी मंदाला बसवलं, कारण ती वर्गात कधी बोलत नसे. बाईंना वाटलं, तेवढीच भीड चेपेल. बटणावर कोण? हात वर करणारी मीच. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की हे नाटक आहे. मी बेल दाबली. पडद्यामागून बारीक "आई गं" आलं. बायका हसल्या. पुन्हा दाबली. आवाज वाढला. आणखी दोन-तीन वेळा दाबल्यावर हसणं थांबलं. पडद्यामागून येत होतं ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

"नका हो... पाया पडते... तोंडावर नका मारू, उद्या शाळेत जायचंय पोरीला सोडाया... राणी जागी होईल, हळू, राणी जागी होईल..."

नर्स उठून उभी राहिली. बेकरीवाल्यांच्या सुनेनं तोंडावर हात ठेवला. आणि मी, मनकवडी, सोनेरी साखळीवाली, मी बेल दाबतच होते. बाईंनी थांबा म्हटलं नव्हतं ना! शेवटी बाईंनी खोकंच भिंतीवर फेकून फोडलं, तेव्हा मी विचारलं, "मार्क किती आहेत ह्याला?"

पडदा बाजूला केला तर मंदा कोपऱ्यात दोन्ही हातांनी डोकं झाकून बसली होती. पदर कानामागून सुटला होता. तिथलं कातडं काळंनिळं होतं.

तिचा नवरा पिकअप चालवायचा, सायखेड्याकडची द्राक्षं, टोमॅटो मार्केटला नेऊन टाकायचा. भाव पडला, टायर फुटला, पाऊस आला, नाही आला, काही झालं तरी मार मंदालाच. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा फळ्यावर आपले बाण खरे काढले. आत येणारा एकच, जाड. बाहेर जाणारा एक काढला, पदरानं पुसला, पुन्हा काढला. त्याच्या टोकाला लिहिलं, राणी. वय वर्षं सहा.

"घर सोड," बाई म्हणाल्या.

"सोडून जाऊ कुठं, बाई? माहेरी गेले तर भाऊ दुसऱ्या दिवशी आणून घालतो. परीक्षा होऊ द्या. बी.ए. झाले तर होस्टेलात नोकरी हाय, राहायला खोली हाय. राणीला घेऊन जाते."

"तोवर जगशील का?"

मंदा फळ्याकडे बघत म्हणाली, "त्याचंच भ्या वाटतंय. येक दिवस त्यो मला मारून टाकीन, नायतर मी त्याला."

ते वाक्य बाईंच्या मनात रुतून बसलं. त्या मंदाला अधल्यामधल्या वारी बोलवायला लागल्या, शिकवायच्या, खायला घालायच्या, आणि नवऱ्याची सगळी कुंडली काढून घ्यायच्या. त्याचा बाप त्याला बैलाच्या चाबकानं फोडायचा, बैल चुकला की बैलाला एक आणि ह्याला दोन. बाईंचं ठाम मत होतं की हे कळलं की माणसाचा अर्धा राग उतरतो. मंदाचा उतरेल, तिच्या हातून राणीला मार बसणार नाही, आणि परीक्षेपर्यंतचे दिवस निभतील. मी बसमध्ये येता-जाता शेजारणीला सांगायचे, "आमच्याकडे एक केस चालू आहे." केस म्हणे!

परीक्षेच्या आधीचा शेवटचा वर्ग. तोफा त्या दिवशी गप्प होत्या, म्हणून जिन्यावरची पावलं ऐकू आली. मंदाचा नवरा दारात उभा राहिला, हातात टॉमी, म्हणजे गाडीचं चाक खोलायची ती लोखंडी सळई.

"लय शिकली ना? चल खाली."

मंदा उठली नाही. त्यानं पहिली टॉमी फळ्यावर हाणली, फळा मधोमध चिरला. बाई आडव्या आल्या.

"ए म्हातारे, हो बाजूला. नवरा-बायकोत कोणी पडायचं नाय."

त्यानं बाईंना ढकललं, त्या टेबलावर आदळल्या. मग मंदाचे केस मुठीत धरून त्यानं तिचं तोंड बाकाच्या कडेवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा रक्त माझ्या वहीवर उडालं.

त्यानंतर जे झालं त्याला मारामारी म्हणत नाहीत, कारण मारामारीत दोन बाजू असतात. फौजींच्या बायकांनी त्याला मागून धरलं. नर्सनं त्याच्या कानशिलात स्टूल घातलं. बेकरीवाल्यांची सून, जी एरवी झुरळाला भ्यायची, त्याच्या पोटावर चढून नाचत होती. मी पर्सच्या साखळीनं मारायला गेले, ती माझ्याच गळ्यात अडकली, म्हणून मी त्याच्या दंडाला चावले. वरची कवळी नवीन होती. त्यानं हात झटकला, मी मागे आले, कवळी तिथेच राहिली. आणि मला मजा येत होती हो! खरं सांगते, साऱ्या आयुष्यात इतकी मजा आली नव्हती. तो खाली पडला, हात जोडायला लागला, तरी आम्ही लाथा घालत होतो. नाकातून रक्त वाहून त्याच्या कॉलरमध्ये साचलं होतं. "बास! बास करा!" बाई ओरडत होत्या. तोफांच्या वर चढणारा तो आवाज त्या दिवशी कुणाच्या कानात शिरला नाही.

टॉमी जमिनीवर घरंगळत गेली होती. ती मंदानं उचलली. तेव्हा मात्र आम्ही सगळ्या बाजूला झालो. मंदाचे पुढचे दात पडले होते, हनुवटीवरून रक्त गळत होतं.

"मंदा!" बाई म्हणाल्या. "मंदा, ह्याला मारलं कोणी?"

"बापानं!" मंदा किंचाळली. "बैलाच्या चाबकानं! माहितीये मला!"

आणि टॉमी खाली आणली. ओला बांबू फुटावा तसा आवाज झाला, त्याचा गुडघा गेला. तो गुरासारखा हंबरला. मंदानं टॉमी पुन्हा उचलली, ह्या वेळी दोन्ही हातांनी, डोक्याच्याही वर. तिची नजर त्याच्या कपाळावर होती. मी तेव्हा काय करत होते? खाली वाकून कवळी शोधत होते.

बाई त्याच्या अंगावर पडल्या. त्याचं डोकं पोटाशी झाकलं आणि उजवा हात वर केला. टॉमी त्या हातावर आली. हाड मोडल्याचा आवाज ह्या वेळी खरंच आला, अख्ख्या वर्गानं ऐकला.

मंदाच्या हातून टॉमी गळाली. बाईंचा हात कोपराच्या खाली भलत्याच दिशेला लोंबत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "कुणीतरी पोरीचं तोंड धुवा."

नर्सनं माझी फूटपट्टी लावून हात बांधला. रिक्षात मी बाईंच्या शेजारी बसले. कवळी सापडली होती, पण ती तोंडात घालायची हिंमत नव्हती. मी फसफसत विचारलं, "बाई, त्या राक्षसासाठी तुम्ही हात मध्ये घातलात?"

"त्याच्यासाठी कशाला घालीन? ती खुनी झाली असती तर राणीला काय उरलं असतं? मेलेला बाप आणि तुरुंगातली आई." मग रिक्षा खड्ड्यात आपटली, त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच बोलल्या. "नांदगावला आमच्या घरी दादा, म्हणजे माझे वडील, मला पट्ट्यानं मारायचे, तेव्हा दारात सगळे उभे असायचे. आजी, काका, आई. दादांना त्यांच्या वडिलांनी कसं मारलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून एकही माणूस उंबरा ओलांडून आत आला नाही. आणि मी आयुष्यभर शिकवलं काय, तर मारलं कोणी! आज मंदाला उत्तर पाठ होतं. उत्तर देऊन तिनं गुडघा फोडला."

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरनं विचारलं, "कसं झालं?"

"जिन्यावरून पडले."

डॉक्टर माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मावशी, आमच्याकडे येणाऱ्या सगळ्याच बायका जिन्यावरून पडतात."

"मग गावातले जिने दुरुस्त करून घ्या," बाई म्हणाल्या. "मी मात्र पडलेच."

थोड्या वेळानं शेजारच्या खाटेवर मंदाच्या नवऱ्याला आणलं. वर्गभर बायकांनी बडवलं हे तो कुठल्या तोंडानं सांगणार? तोही जिन्यावरून पडला होता. त्याच्या दंडावरची दातांची खूण बघून डॉक्टरनं विचारलं, "आणि हे?" तो म्हणाला, "कुत्रं चावलं." मी पडद्याआड बसून ऐकत होते. राग आला, पण तोंडात दात नव्हते.

मंदा आणि राणी त्या संध्याकाळपासून बाईंच्या खोलीत राहिल्या. सुजलेल्या तोंडानं मंदानं परीक्षा दिली आणि पास झाली. मीही पास झाले, त्याची चर्चा नको. नवरा लंगडत दोन-तीनदा खालच्या रस्त्यावर येऊन उभा राहिला. वर खिडकीत प्लास्टरमधला हात दिसला की निघून जायचा. पुढे तो गावी गेला, कोर्टातून मंदाला काडीमोड मिळाला आणि ती मुलींच्या होस्टेलात लागली.

बाईंनी वर्ग बंद केला नाही. चिरलेल्या फळ्यावर डाव्या हातानं लिहीत त्यांनी सगळे थोर पुरुष पुन्हा पहिल्यापासून घेतले. प्रश्न बदलला होता, "मध्ये कोण पडलं?" आम्ही पुस्तकं पालथी घातली. मांजरवाल्याला एक मामा होता, आईपासून वाचवून माया करणारा. त्याच्यामुळे आपलं डोकं ठिकाणावर राहिलं असं तो म्हणायचा. टोपीवाल्याचा मुलगा म्हातारा झाला, गणवेशातले गुंड त्याच्या घरावर आले, तेव्हा राजघराण्यातली एक शिष्या त्याच्या दारासमोर जिन्यात ठाण मांडून बसली, असं सांगतात. उंदीरवाल्याच्या त्या बाळासाठी कोण मध्ये पडलं, ते मात्र कुठे सापडलं नाही. बाईंनी तिथे फळ्यावर रिकामी जागा ठेवली. मग आम्हाला म्हणाल्या, "मागे वळून चौकशी करणारे पुष्कळ असतात. त्या मिनिटाला खोलीत कोण आहे, ते महत्त्वाचं. बहुतेक वेळा तुमच्यासारखीच कुणीतरी मूर्ख बाई असते." हे बोलताना त्या माझ्याकडे का बघत होत्या, ते मी त्यांना विचारलं नाही.

हात वाकडा जुळला. वर जाईना, मागे वळेना. साडी नेसवायला, वेणी घालायला मंदा होस्टेलातून रोज सकाळी यायची. मी कधी लवकर पोचले तर जिन्यातच आवाज ऐकू यायचा.

"ओढू नको गं भवाने! एकदा मोडलास तेवढा पुरे."

"मग हलू नका ना बाई. तुम्ही काय ल्हान हायेत का?"

राणी चौदाची झाली तेव्हा एकदा मोबाइलवरून मंदाचं डोकं फिरलं आणि तिनं पोरीवर हात उगारला. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. फक्त तो वाकडा हात दोघींच्या मध्ये धरला. मंदाचा हात हवेतच राहिला. मग ती खाली बसली आणि राणीच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. माझ्यासमोरची गोष्ट आहे.

बाई गेल्या वर्षी गेल्या. सकाळी मंदा वेणी घालायला आली तेव्हा त्या उठल्या नाहीत. निरोप पोचताच नांदगावहून त्यांची भावजय आली, वर्गातल्या आम्ही सगळ्या जमलो. आंघोळ घातली. नवा ब्लाऊज घालायला घेतला तर वाकडा हात बाहीत जाईना. भावजय म्हणाली, "बाही कापा. कात्री आणा खालून."

"कात्री नको," मंदा म्हणाली. तिनं बाईंचं कोपर तळहातावर घेतलं, बाही आधी आपल्या मनगटावर चुण्या करून ओढली, आणि त्यातून बाईंची बोटं एक एक करत बाहेर घेतली.

भावजय बघत होती. "हात असा कशानं झाला हो ह्यांचा? आम्हाला तर जिन्यावरून पडल्या असं कळवलं होतं."

आम्ही सगळ्या एकदम हो म्हणायला तोंड उघडलं. माझं सगळ्यात आधी उघडलं.

"मी मोडला," मंदा म्हणाली. "लोखंडाच्या सळईनं."

भावजयीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आणि तरी तू इथे?"

"म्हणून तर," मंदा म्हणाली, आणि बाहीची चुणी सरळ करून हुकं लावायला लागली.